सिंधू संस्कृतीच्या अभ्यासाची सुरुवात विटेपासून कर

मुद्रांच्या, म्हणजे कोरीव शिक्क्यांच्या, मागे लगेच लागू नकोस. त्यांवरची लिपी अजून उलगडलेली नाही, आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. आधी वीट बघ: जाडी, रुंदी, लांबी १:२:४. मोहेंजोदडोत हेच प्रमाण आणि शेकडो किलोमीटर दूर हडप्प्यातही हेच! मग घरात शिर. विटांची फरशी घातलेली न्हाणी, तिला गल्लीतल्या झाकलेल्या गटाराकडे दिलेला उतार, शेजारी विहीर. रोजचं जगणं मला तरी इथेच सगळ्यात स्पष्ट दिसतं.

जमलं तर कच्छमधलं धोलावीरा, याच संस्कृतीचं शहर, गाठच, पण हिवाळ्यात. मनसर आणि मनहर या पावसाळी ओढ्यांचं पाणी हौदांत कसं वळवलं, ते जवळून बघ. आपल्या प्रवरेकाठचं दायमाबादही सोडू नकोस; १९७४ साली तिथे बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी धातूची शिल्पं सापडली.