टीवायवाल्याच्या प्रश्नाला उत्तर: रोजच्या नव्या संशोधनातलं खरं काय धरायचं?

तुझा प्रश्न काल रात्री वाचला. मागाहून येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तू ठाण्यात टीवायबीएस्सीला आहेस, विषय फिजिक्स, पुढे मटेरियल सायन्सला जायचं मनात आहे. सरांनी सांगितलं म्हणून अर्काइव्ह (शोधनिबंध छापून यायच्या आधीच टाकतात ती वेबसाइट) उघडायला लागलास आणि चार दिवसांत गरगरलास. क्वांटम कॉम्प्युटर बँका फोडणार म्हणे, कॉलेजच्या एका पोराने चाळीस वर्षांचा समज मोडला म्हणे, एआयने लाखो नवे पदार्थ शोधले म्हणे. त्यात घरच्या ग्रुपवर काकांनी टाकलं, 'खारघरला कॅन्सर कायमचा बरा होतो'. यातलं खरं कुठलं आणि वाचायला सुरुवात कुठून करू, हे तुझे दोन प्रश्न.

वयाने तू माझ्या धाकट्यापेक्षाही लहान, म्हणून अरेतुरे करतोय. मी संशोधक नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात, तेहेतीस वर्षं काढली, पेपर वाचायची खोड निवृत्तीनंतर लागली. त्यामुळे माझी नजर क्यूसीवाल्याची आहे. रिझल्ट काय आला हे मी नंतर बघतो. कोणी तपासला, कशावर तपासला, दुसऱ्याच्या हातून पुन्हा तोच आला का, हे आधी. आणि हे तपासणं प्रत्येक विषयात वेगळं असतं, त्याला लागणारा वेळही वेगळा. कुठे आठवडा पुरतो, कुठे दहा वर्षं. तू सगळ्याच विषयांना एकच घड्याळ लावतोयस, म्हणून गरगरतोयस.

एक जुनी गोष्ट सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी माझ्या हातून एका बॅचचा एचपीएलसी मशीनवर ॲसे, म्हणजे मालात मूळ पदार्थ किती टक्के तो आकडा, आला १०३.४ टक्के. प्रॉडक्शनवाले म्हणाले, पेढे काढा! आमच्या साहेबांनी मात्र विचारलं, "वर्किंग स्टँडर्डची बाटली कुठेय?" म्हणजे ज्याच्याशी माल ताडून बघतात त्या नमुन्याची. जुलै महिना, बाटलीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. कार्ल फिशर (पाणी मोजायची चाचणी) लावलं तर स्टँडर्डनेच पाणी ओढलेलं. मोजायची पट्टीच आखूड झाली होती, म्हणून माल लांब दिसला. आमच्या क्यूसीत हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं नव्या पोरांना ऐकवला जायचा. नाव माझं, अर्थात.

आता हीच नजर घेऊन एलके-९९ कडे बघ. तू तेव्हा अकरावी-बारावीत असशील. २२ जुलै २०२३ ला दक्षिण कोरियातल्या मंडळींनी अर्काइव्हवर दोन पेपर टाकले. शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन असलेला एक करडा खडा, साध्या हवेच्या दाबाला, १२७ अंश सेल्सिअसपर्यंत सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला रोध शून्य. खरं निघालं असतं तर एमआरआय मशीनला द्रवरूप हेलियम लागलं नसतं, तारांमधली वीजगळती थांबली असती. लोहचुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या खड्याचा व्हिडिओ तर जगभर फिरला.

पण त्या पेपरात एक गोष्ट चांगली होती, ती म्हणजे कृती. लेड सल्फेट, लेड ऑक्साइड, कॉपर फॉस्फाइड घ्या, निर्वात नळीत बंद करा, ९२५ अंशाला भाजा. भट्टी कोणाकडे नसते? बीजिंगपासून आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत सगळ्यांनी खडे भाजले, आणि सुपरकंडक्टर काही कोणाला मिळेना. मग रोध खाली कोसळताना दिसला होता तो कशाने? इथे एका रसायनशास्त्रज्ञाचं लक्ष त्या आकड्याकडे गेलं. घसरण होती साधारण १०४-१०५ अंशाला. त्याच तापमानाला कॉपर सल्फाइडची स्फटिकरचना बदलते आणि त्याचा रोध झपकन उतरतो, हे त्याच्या ओळखीचं होतं. आणि सल्फेटमधलं गंधक तांब्याला भेटलं की भट्टीत कॉपर सल्फाइड होणारच. म्हणजे जो चमत्कार दिसला तो मालाचा नव्हता, मालातल्या भेसळीचा होता. पुढे जर्मनीत स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने गंधकाचा वारा न लागू देता शुद्ध स्फटिक वाढवले. ते निघाले जांभळे, पारदर्शक, आणि वीज जवळजवळ वाहूच न देणारे. सुपरकंडक्टरच्या नेमकं उलट! ऑगस्टच्या मध्यापर्यंत विषय संपला होता.

लोक याला फजिती म्हणतात. मला ती इतक्या वर्षांत पाहिलेली सगळ्यात देखणी तपासणी वाटते, आणि तीही फुकटात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. याउलट अमेरिकेतल्या एका गटाने प्रचंड दाबाखालच्या सुपरकंडक्टरचे दावे 'नेचर'मध्ये छापून आणले होते, रीतसर पीअर रिव्ह्यू, म्हणजे इतर तज्ज्ञांकडून तपासणी, होऊन. ते दोन पेपर २०२२ आणि २०२३ मध्ये मागे घ्यावे लागले. तेव्हा 'छापून आलंय' यावर फार विसंबू नकोस. अर्काइव्हवर तर तेवढीही चाळणी नसते. १९९१ पासून चालू असलेली ती खुली जागा आहे, तिथले मॉडरेटर पेपर विषयाला धरून आहे का एवढं बघतात, निष्कर्ष बरोबर आहे का ते नाही. महिन्याला वीस हजारांवर पेपर येतात. सगळे वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मटेरियलमध्येच जायचं म्हणतोस, म्हणून अजून एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने एआयने सुचवलेल्या २२ लाख स्फटिकरचना जाहीर केल्या, त्यातल्या ३ लाख ८० हजार स्थिर असाव्यात असा हिशेब. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बर्कलीच्या यांत्रिक प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ बनवल्याचं सांगितलं. माणसाचा हात न लागता! वर्तमानपत्रांनी दोन्ही एकत्र कालवून बातमी केली. पुढे दोन-तीन महिन्यांत ब्रिटन-अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या पदार्थांचे एक्सआरडी आलेख (क्ष-किरणांवरून स्फटिकरचना सांगणारे) एकेक करून पाहिले. मशीनने आलेखावर बसवलेली रेघ बऱ्याच ठिकाणी ढिली होती. मशीनने मानलं होतं की अणू ठरलेल्या जागी शिस्तीत बसलेत. प्रत्यक्षात दोन धातूंचे अणू एकमेकांच्या जागी कुठेही बसलेले, आणि तसे मिश्र पदार्थ आधीपासून माहीत होते. नवा असा एकही पदार्थ नाही, हा त्यांचा निष्कर्ष. बर्कलीवाल्यांना तो मान्य नाही, पण आलेख मी पाहिलेत आणि माझं मत टीकाकारांच्या बाजूचं आहे. एआय निरुपयोगी आहे असं म्हणत नाहीये. संगणकाने सुचवलेला पदार्थ आणि कुपीत भरलेला पदार्थ यांच्यामध्ये एक माणूस लागतो, आलेख वाचता येणारा. ती नोकरी तुझी असू शकते.

गणितात हा ताप कमी. तिथे सगळा माल कागदावरच असतो. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूर आयआयटीच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ संख्या आहे का हे झटपट आणि खात्रीने सांगणारी रीत नऊ पानांत लिहून जगातल्या जाणकारांना मेल केली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकते बीटेक झालेले. काही दिवसांतच तज्ज्ञांनी बरोबर म्हणून सांगितलं. मासिकात छापून यायला २००४ उजाडलं, पण तोवर कोणाच्या मनात शंका उरलीच नव्हती. २०२३ ची ती 'हॅट' फरशी तू पाहिली असशील, तेरा बाजूंची, एकाच आकाराने सगळी जमीन भरते पण नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा कधीच येत नाही. ती सापडली इंग्लंडमधल्या छपाईच्या धंद्यातून निवृत्त झालेल्या डेव्हिड स्मिथला, आकारांशी खेळता खेळता. सिद्ध करायला मात्र तीन जाणकार सोबत घ्यावे लागले. (निवृत्त माणूस म्हणून मला याचा जरा जास्तच आनंद झाला.)

कॉलेजच्या पोराची बातमी खरी आहे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचा अँड्र्यू क्रापिविन. त्याचा विषय हॅश टेबल, म्हणजे संगणकात माहिती ठेवायची आणि शोधायची एक रीत. ती गावदेवी मैदानाखालच्या पार्किंगमध्ये समज. शंभरातल्या नव्याण्णव जागा भरल्यात, तुला रिकामी शोधायचीय. वाटेल तिथे डोकावत गेलास तर सरासरी शंभर वेळा डोकवावं लागेल. गाड्या एकदा लावल्या की हलवायच्या नाहीत आणि दिसली रिकामी जागा की तिथेच लावायची, या अटींवर याहून फारसं बरं जमणार नाही, असा अंदाज अँड्र्यू याओ यांनी १९८५ मध्ये मांडला होता. क्रापिविनला हा अंदाज माहीतच नव्हता, म्हणून तो अडलाही नाही. जानेवारी २०२५ मध्ये दोन प्राध्यापकांबरोबर त्याने दाखवून दिलं की टेबल भरत जाईल तसे हे हेलपाटे बरेच हळू वाढतील अशी रीत आहे. सिद्धता आहे, ती पक्की आहे. पण त्यामुळे तुझा फोन उद्या वेगाने चालेल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून दे.

क्वांटमचं असंय. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने विलो चिप दाखवली, १०५ क्युबिटची (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट). पेपरवाल्यांनी उचललं ते 'महासंगणकाला विश्वाच्या वयाहूनही जास्त वर्षं लागतील ते पाच मिनिटांत'. ते गणित मुद्दाम तसंच निवडलेलं असतं, त्याचा व्यवहारात उपयोग नाही. खरी बातमी दुसरीच होती: चुका दुरुस्त करणारी जाळी मोठी करत नेली तसतशी चूक वाढण्याऐवजी दर पायरीला निम्म्याहून खाली आली. तीस वर्षं हेच अडलं होतं. आणि बँका? माहिती सांकेतिक करून ठेवणारं आजचं २०४८ बिटांचं आरएसए कुलूप फोडायला दहा लाखांच्या आतबाहेर क्युबिट लागतील, असा २०२५ चा अंदाज आहे. १०५ कुठे आणि दहा लाख कुठे. अर्थात २०१९ मध्ये हाच अंदाज दोन कोटींचा होता, तेव्हा अगदी निवांतही राहू नये. क्वांटमलाही न फुटावीत अशा नव्या कुलपांचे नमुने अमेरिकेच्या निस्टने (तिथल्या सरकारी मानक संस्थेने) ऑगस्ट २०२४ मध्येच ठरवून दिलेत.

आता काकांचा फॉरवर्ड. हे मी शेवटी ठेवलं, कारण इथे चूक झाली तर किंमत माणसाला मोजावी लागते. फॉरवर्डच्या मुळाशी असलेली गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने घडवलेली सीएआर-टी उपचारपद्धती. ४ जून २०२१ ला खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच केंद्रात, बोन मॅरो युनिटमध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला दिली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढतात, निकामी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवं जनुक घालतात, आणि त्या पेशी सीडी-१९ नावाची खूण असलेल्या पेशी ओळखून मारायला लागतात. मग त्यांची संख्या वाढवून सलाइनसारख्या परत चढवतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. अमेरिकेत २०१७ साली आलेल्या अशाच पहिल्या उपचाराची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती, इथली त्याच्या साधारण दशांश.

पण २०२५ मध्ये 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी'त आलेले चाचणीचे आकडे बघ. ६४ रुग्ण, आणि ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्यांच्यातल्या ७३ टक्क्यांना प्रतिसाद. हे सगळे असे, की ज्यांचा आजार आधीच्या उपचारांना दाद देत नव्हता किंवा उलटला होता. त्या हिशेबात ७३ म्हणजे खूपच. पण 'प्रतिसाद' म्हणजे 'कायमचा बरा' नाही. काहींचा आजार पुढे उलटतो, आणि पांढऱ्या पेशी घसरणं हा जवळपास सगळ्यांच्याच वाट्याला येणारा त्रास, प्लेटलेटही बऱ्याच जणांच्या घसरतात. शिवाय सीडी-१९ ही खूण असते बी-पेशींवर, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकारावर. म्हणजे हा उपचार रक्ताच्या काही ठरावीक कॅन्सरसाठी, ल्युकेमिया आणि लिम्फोमांसाठी आहे. तोंडाचा, स्तनाचा, फुप्फुसाचा कॅन्सर यात बसत नाही. तिथे फक्त कॅन्सरच्याच पेशींवर असेल अशी साफ खूण सापडत नाही, आणि गाठीच्या आत टी-पेशींना घुसता-टिकता येत नाही.

हे मला पेपर वाचून कळलं नाही. माझ्या मेव्हण्याला तोंडाचा कॅन्सर, तंबाखूचा. असाच फॉरवर्ड छापून घेऊन आम्ही ठाण्याहून पनवेलची लोकल पकडली. डब्यात फायली मांडीवर घेतलेली आणखी दोन घरं होती, तीही तिकडेच. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला, हसल्या नाहीत, आणि वर सांगितलं तेच पाच मिनिटांत सांगितलं. परतताना तुर्भे येईपर्यंत मेव्हणा बोलला नाही. मग म्हणाला, "निदान ऑपरेशनची तारीख तरी घेऊन आलो." ते ऑपरेशन झालं, आज तो आहे, नीट जेवतो. तेव्हा काकांना 'खोटं आहे' म्हणू नकोस. 'कुठल्या कॅन्सरसाठी, कितव्या टप्प्याची चाचणी, किती रुग्ण' एवढं विचार. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआयच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते.

सुरुवातीचं म्हणशील तर अर्काइव्हची रोजची यादी महिनाभर बंद कर. एलके-९९ चा मूळ पेपर आणि कॉपर सल्फाइडवाला पेपर शेजारी ठेवून वाच. सारांश सोड, आधी आकृत्या आणि कृती बघ, रोधाच्या आलेखावर १०४ अंशाला पेन्सिलने रेघ मार. अर्काइव्हवर पेपरच्या आवृत्त्या दिसतात, पहिली आणि शेवटची ताडून पाहिलीस की लेखकांनी कुठे माघार घेतली तेही कळेल.

आणि कॉलेजात एक्सआरडी असेल तर सरांच्या मागे लागून घरातल्या मिठाचा आलेख काढून घे. मशीनमधली क्ष-किरणांची ट्यूब तांब्याची असेल तर सगळ्यात उंच शिखर ३१.७ अंशाजवळ यायला हवं, मग २७.४ आणि ४५.४ शोध. एखादं शिखर आगंतुक आलं तर ते कशाचं हे शोधून इथेच लिही. मी शनिवारी संध्याकाळी बहुतेक तलावपाळीला असतो, प्रिंट आणलास तर बसू. मीठ मात्र आधी तव्यावर कोरडं करून घे, पावसाळा आहे.