‘भूमिदृष्टी’ आणि ‘दृष्टिकोन’ एकच का?

सोलापुरात समाजशास्त्रात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : स्त्रीवादी ज्ञानमीमांसेत, म्हणजे ज्ञान कसं घडतं आणि कुणाचं ज्ञान खरं मानलं जातं याच्या स्त्रीवादी अभ्यासात, ‘स्टँडपॉइंट’साठी ‘भूमिदृष्टी’ वापरतात, सरळ ‘दृष्टिकोन’ लिहिलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. दृष्टिकोन मान वळवली की बदलतो. भूमिदृष्टीत आधी भूमी आहे : आपण कुठे उभे आहोत, कोणतं काम करतो, कुणाच्या हाताखाली करतो. दिसतं ते तिथून.

आपल्याच गावातला शब्द घ्या, छाट. पूर्व भागातल्या बोळांतून दुपारी जा, उंबऱ्याशी मांडीवर सूप घेतलेली बाई दिसेल. ओलसर तेंदूपान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. विड्या जमा केल्या की तपासणारा त्यातल्या काही बाजूला काढतो, ती छाट. कारखान्याच्या वहीत छाट म्हणजे नापास माल. वळणारीच्या हिशेबात छाट म्हणजे काम करूनही बुडालेली मजुरी. पहिला अर्थ वस्तुनिष्ठ आणि दुसरा ‘तिचा दृष्टिकोन’, असं आपण सहज बोलून जातो. स्त्रीवादी तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग यांचा आक्षेप नेमका यावर आहे. त्यांना वस्तुनिष्ठता नको नव्हती, जास्त हवी होती. वही कोण लिहितं हेही तपासणारी. तिला त्या ‘सबळ वस्तुनिष्ठता’ म्हणतात. अभ्यास वळणारीच्या जगण्यापासून सुरू केला, तर वहीत न उमटलेली मजुरीही दिसू लागते.

आणखी एक, आणि इथे हमखास चूक होते : बाईचा जन्म मिळाला म्हणून भूमिदृष्टी आपोआप येत नाही. स्त्रीवादी राजकीय विचारवंत नॅन्सी हार्टसॉक यांनी १९८३ मध्ये, कामगाराला त्याच्या जागेवरून भांडवलशाहीचं खरं रूप दिसू शकतं या मार्क्सच्या मांडणीच्या धर्तीवर ही कल्पना मांडली, तीच मुळी झगडून कमवायची गोष्ट म्हणून. एकटी बाई म्हणते, “आज माझा हातच बसला नाही.” दहाजणी एकत्र बसल्या की प्रश्न बदलतो : छाट ठरवतं कोण? समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली, ती ‘स्त्री’ या एका शब्दाखाली जात झाकली जाते म्हणून.

तेव्हा ‘माझ्या भूमिदृष्टीनुसार’ असं लिहू नका. तिथे ‘माझ्या मते’ पुरतं. स्त्रीवादी विचारवंत डॉना हॅरवे यांच्या १९८८च्या निबंधातल्या ‘सिच्युएटेड नॉलेज’ला, म्हणजे कुठल्या तरी एका जागेवरून मिळालेल्या ज्ञानाला, ‘स्थानबद्ध ज्ञान’ही म्हणू नका, स्थानबद्ध म्हणजे अटकेतला. मी ‘स्थाननिष्ठ’ लिहिते. ‘वस्तुनिष्ठ’च्या शेजारी तो नीट बसतो.