हायड्राचे मुकुलायन आणि स्ट्रॉबेरीचा धावता दोर

प्रश्न असा आहे: स्ट्रॉबेरी जमिनीवर दोर सोडून नवी रोपे करते, हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या प्राण्याच्या अंगावर पिल्लू फुटते. दोन्हीकडे बी नाही की जोडीदार नाही. मग दोन्हींना ‘मुकुलायन’ (इंग्रजीत ‘बडिंग’) म्हटले तर काय बिघडले?

बिघडते ते असे, की मुकुलायन ही क्रिया आहे आणि धावते खोड, म्हणजे स्ट्रॉबेरीचा दोर, हा अवयव. हायड्राच्या अंगावर फुगवटा येतो, त्याला तोंड व संस्पर्शक (तोंडाभोवतीचे दोऱ्यांसारखे अवयव) फुटतात आणि काही दिवसांत पिल्लू सुटून जाते. स्ट्रॉबेरीचा दोर आधी मूळ रोपापासून लांब जातो, मग पेरावर मुळे धरतो, तीही साधारणपणे एकाआड एक पेरावर. पुढे मधला दोर वाळला तरी नव्या रोपाचे अडत नाही. अर्थात त्या पेरावरही आधी डोळाच फुटतो, गोंधळ होतो तो त्यामुळे.

हा ‘डोळा’ फार कामाचा शब्द आहे. इंग्रजी एका ‘बड’वर सगळे भागवते. मराठीत फूल होणार ती कळी आणि फांदी होणार तो डोळा. उसाला, बटाट्याला डोळे असतात, कळ्या नव्हेत. शालेय पुस्तकांत ‘कलिकायन’ आणि ‘मुकुलायन’ दोन्ही भेटतात, पण कलिका म्हटले की मनात फूल येते, आणि इथे तर फुलाचा संबंधच नाही. मुकुल म्हणजेही कळीच, पण तो शब्द रोजच्या बोलण्यात नसल्याने कमी फसवतो. म्हणून माझे मत मुकुलायनाला. आणि केळीच्या मुनव्याला शेतकरी खुशाल पिल्लू म्हणतात, तेव्हा हायड्राच्या बाबतीत ‘पिल्लू फुटणे’ म्हणायला कशाला लाजायचे?

खरी गुंतागुंत समूहाने जगणाऱ्या प्राण्यांत आहे. ओबेलिया हा समुद्री जीव दगडावर मुळासारखी आडवी नळी पसरतो. तिच्यातून उभ्या शाखा येतात आणि शाखांवर मुकुलायनाने एकेक जीवक, म्हणजे समूहातला एकेक छोटा जीव. म्हणजे पसरायची रीत धावत्या खोडाची, क्रिया मुकुलायनाची! इंग्रजीत वनस्पतीच्या अशा आडव्या खोडाला ‘स्टोलॉन’ म्हणतात, आणि या नळीलाही ‘स्टोलॉन’च. लॅटिनमध्ये ‘स्टोलो’ म्हणजे बुंध्याशी येणारा फुटवा. लिसिनियस नावाच्या एका रोमन घराण्याला हेच टोपणनाव होते. शेतीवर लिहिणारा रोमन लेखक व्हॅरो कारण देतो, की त्यांच्या शेतात असा फुटवा औषधालाही सापडत नसे.

मराठीत ‘धावते खोड’ प्राण्याला लावता येत नाही, ‘खोड’ आडवे येते. परिभाषेतला ‘तिरश्चर’, म्हणजे आडवा जाणारा, दोघांनाही चालेल.

जाता जाता, प्रवाळाच्या बाबतीत ‘कॉलनी’साठी ‘वसाहत’पेक्षा ‘निवह’, म्हणजे समूह, बरा. वसाहत करायला कुणीतरी बाहेरून येऊन राहावे लागते. प्रवाळात एकच डिंभ, म्हणजे पोहणारी बाल्यावस्था, तळाशी चिकटतो, त्याचा पॉलिप (हायड्रासारखा नळीदार जीव) होतो, त्यातून बाकीचे फुटतात आणि एकमेकांना जोडलेलेच राहतात.