‘नो’मधला न बोलणारा ‘के’

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. चौथीतल्या लेकीने विचारलं, की ‘जाणणे’ या अर्थाचा ‘नो’ आणि गुडघा या अर्थाचा ‘नी’ लिहिताना सुरुवातीला ‘के’ कशाला? बोलताना तर तो येतच नाही. तुम्ही तिला सांगितलंत, की इंग्रजी ही लॅटिनपासून बिघडत आलेली भाषा आहे, तिला नियम नाहीत, पाठ कर. आता हे उत्तर बरोबर होतं का, असं तुम्ही विचारताय.

मी सत्तावीस वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. पहिली काही वर्षं मीही मुलांना हेच सांगत असे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. लेकीचा प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर तिला मराठीतूनच देता येईल.

‘आजानुबाहू’ हा शब्द तिने गोष्टीत ऐकला असेल. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो आजानुबाहू. ‘जानु’ म्हणजे गुडघा. हा जानु आणि इंग्रजीतला ‘नी’ एकाच मूळ शब्दाची लेकरं आहेत. त्या मूळ शब्दाच्या सुरुवातीला ‘ग’च्या जवळचा एक आवाज होता. संस्कृतात त्याचा ‘ज’ झाला, लॅटिनमध्ये ‘ग’ राहिला (तिथे गुडघ्याला ‘गेनू’ म्हणत) आणि जर्मानिक भाषांमध्ये (म्हणजे जर्मन, इंग्रजी यांच्या घराण्यात) त्याचा ‘क’ झाला. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतो, ‘क’ स्पष्ट उच्चारून. इंग्लंडमध्येही शेकडो वर्षं तसंच म्हणत असत. सतराव्या-अठराव्या शतकात तो ‘क’ लोकांच्या तोंडून गळाला, लिहिण्यात मात्र राहिला. ‘नो’चंही तेच. तिथला ‘के’ म्हणजे आपल्या ‘जाणणे’तला ‘ज’, ‘ज्ञान’मधला ‘ज्ञ’.

आणि हो, ‘ज्ञ’ आपण तरी कुठे लिहितो तसा उच्चारतो? तो ‘ज’ आणि ‘ञ’ मिळून झालेला, पण मराठी माणूस म्हणतो ‘द्न्य’. लेकीला हे सांगून पाहा, तिला लगेच पटेल.

लॅटिनचा मुद्दाही यातच सुटतो. इंग्रजी लॅटिनची लेक असती तर गुडघ्याच्या शब्दात ‘ग’चा वंश दिसला असता, जसा लॅटिनच्या खऱ्या लेकीत, फ्रेंचमध्ये, दिसतो. इंग्रजीत ‘के’ आहे, कारण तिचं घराणं वेगळं. पाचव्या शतकात, रोमन सत्ता ब्रिटनमधून गेल्यावर, आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्या तिथे आल्या. त्यांच्या बोलींमधून इंग्रजी घडली. लॅटिन तिची चुलत बहीण लागते, आणि मराठी जरा लांबची. गाय आणि ‘काऊ’, दहा आणि ‘टेन’, भाऊ आणि ‘ब्रदर’ ही जोडपी उगाच जुळलेली नाहीत. ग चा क, द चा ट, भ चा ब असे हे बदल ठरावीक क्रमाने झाले आहेत. ‘नियम नाहीत’ हे म्हणूनच मला मान्य नाही.

यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अनुस्वाराचं आहे. आपले आजी-आजोबा ‘दांत’, ‘पांच’ असं टिंब देऊन लिहीत. संस्कृतातल्या ‘दन्त’ आणि ‘पञ्च’ यांची ती खूण होती. मराठी बोलण्यातून तो नाकातला आवाज गेला होता, पण टिंब १९६२च्या शुद्धलेखन नियमांपर्यंत टिकलं. इंग्रजीतही याच शब्दांतला ‘न’ गेलेला आहे! जर्मनमध्ये दात ‘त्सान’, पाच ‘फ्युन्फ’ आणि हंसासारखा पाणपक्षी ‘गान्स’. इंग्रजीत ‘टूथ’, ‘फाइव्ह’ आणि ‘गूस’. दोन्हीकडे हे स्वतंत्रपणे घडलं. फरक इतकाच, की इंग्रजीतला ‘न’ लेखनाची पद्धत बसण्याआधीच गेला, त्यामुळे त्याचं टिंब मागे उरलं नाही. ‘के’ उशिरा गेला, म्हणून तो कागदावर सापडतो.

उशिरा म्हणजे छपाई आल्यानंतर. विल्यम कॅक्स्टनने १४७६मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. कोणाची इंग्रजी छापायची, हा त्याच्यापुढे खरा पेच होता. १४९०च्या एका प्रस्तावनेत त्याने एक प्रसंग दिला आहे. काही व्यापारी टेम्समधून समुद्रापलीकडे निघाले होते, वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकाने एका घरी अंडी मागितली, ‘एगीज’ म्हणून. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. शेवटी दुसऱ्याने ‘एरन’ मागितली तेव्हा तिला कळलं. ‘एरन’ हा तिथला जुना शब्द, तर ‘एग’ उत्तरेकडच्या भागात व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून आलेला. आज ‘एरन’ कोणाला माहीत नाही. ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामंसुद्धा व्हायकिंगांकडूनच आली आहेत.

१०६६मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याबद्दल बरंच लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात सांगतो. राज्यकर्ते फ्रेंच बोलणारे झाले, कोर्टकचेरीचे आणि मेजवानीचे हजारो शब्द आले. गोठ्यातली गाय ‘काऊ’ राहिली, ताटातलं तिचं मांस ‘बीफ’ झालं. पण ‘नी’, ‘नो’, ‘ब्रदर’, ‘टेन’ हे घरातले शब्द हलले नाहीत.

तर छापखान्यांमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, आणि नेमक्या त्याच काळात, साधारण १४००पासून १७००पर्यंत, इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडत होते. लेखन थांबलं आणि जीभ पुढे गेली. स्पेलिंगचा निम्मा त्रास इथून येतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा, प्रत्येक मुका वर्ण खरा जुना नसतो. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला ‘बी’ लॅटिन मूळ दाखवायचं म्हणून पंडितांनी मागाहून घातला. इंग्रजीत तो कधीच बोलला गेला नव्हता. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ चुकीने, भलत्याच शब्दाशी नातं जोडून आला.

उच्चार आजही हलतोय. ‘वारंवार’ या अर्थाच्या ‘ऑफन’मधला ‘टी’ एकदा गळाला होता. आता स्पेलिंग पाहून कितीतरी इंग्रज आणि अमेरिकन लोक पुन्हा ‘ऑफ्टन’ म्हणू लागले आहेत. वर्गात ‘ऑफ्टन’ म्हणणाऱ्या मुलांना मी टोकत असे. आता टोकलं नसतं.

लेकीला पाठ करायला लावू नका. एका वहीत ‘के-एन’ने सुरू होणारे शब्द लिहायला सांगा आणि ते सगळे ‘क’ उच्चारून मोठ्याने वाचायला लावा: क्नी, क्नो, क्नाइफ. दोन दिवसांत तिला स्पेलिंगही येईल. आणि तिला ‘मुंगूस’ची गोष्ट सांगा. हा शब्द इंग्रजांनी मराठीतून उचलला आणि ‘गूस’च्या ओळखीने त्याचं शेपूट तसंच लिहिलं. पण गूसचं अनेकवचन ‘गीस’ होतं आणि मुंगसाचं ‘मंगूसेस’. असं का, हे तिला स्वतःच शोधू द्या.