तार कोणाच्या हातात होती, ते आधी विचार

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझी टिपणे वाचली. नागपुरातील एका स्थानिक केबल वाहिनीचा इतिहास लिहायला घेतलास, तीन माणसांना भेटलीस आणि तिघांनीही ‘वाहिनी मीच सुरू केली’ असे सांगितल्यामुळे तू गोंधळून गेली आहेस. त्यांच्यापैकी खोटे बहुधा कोणीच बोलत नसावे. एकाने कॅमेरा घेतला असेल, दुसऱ्याने निवेदक तयार केले असतील, तिसऱ्याने गच्चीवरची खोली कंट्रोल रूमसाठी दिली असेल. पण सुरुवात कोणी केली, या प्रश्नाने मालकी कळत नाही. घरोघरी वाहिनी पोहोचवणारी तार कोणाच्या हातात होती, ते विचार.

आखाती युद्धानंतर, १९९१–९२ च्या सुमारास, महाल, इतवारी, धरमपेठ अशा वस्त्यांमध्ये केबल ऑपरेटर उभे राहू लागले. विजेच्या खांबांवरून, झाडांच्या फांद्यांमधून, या गच्चीवरून त्या गच्चीवर लाइन ओढली जाई. उपग्रह वाहिन्यांच्या जोडीला एका मोकळ्या चॅनलवर व्हीसीपीवरून, म्हणजे कॅसेट लावून, सिनेमा लागे आणि त्याच्या खाली साडीच्या दुकानांची, शिकवणी वर्गांची, कूलर दुरुस्तीची जाहिरात पट्टीवरून सरकत राही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक स्थानिक वाहिन्या त्या पट्टीच्या पैशावर जन्मल्या. बातमीपत्र मागाहून आले आणि मारबतीची मिरवणूक किंवा फुटाळा तलावावरचे विसर्जन थेट दाखवण्याची हौस त्याच्याही मागाहून आली. हे निवेदक मंडळींना ऐकायला आवडत नाही, म्हणून तुला कोणी सांगितले नसेल.

आता कायद्याकडे ये. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायद्याने नोंदणी सक्तीची केली ती ऑपरेटरची, त्याच्या तारेवर चालणाऱ्या स्थानिक वाहिनीची नव्हे; आणि ती नोंदणी अनेक वर्षे मुख्य डाकघरात होत असे. त्यामुळे वाहिनीचे नाव घेऊन तू कितीही कार्यालये पालथी घातलीस तरी जुन्या काळाचे काही सापडणार नाही. ऑपरेटरचे नाव घेऊन सिव्हिल लाइन्समधील जीपीओपासून सुरुवात केलीस तर सापडण्याची शक्यता आहे. त्याच वर्षी, ९ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला, आणि न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते, हे तू ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहेस. ठीक आहे. पण तो निकाल लहरींचा आहे, बेटा, तारेचा नाही. तार खासगी होती, आणि ज्याची होती त्याला ती हवी तेव्हा काढता येत होती.

हे मी पुस्तकात वाचलेले नाही. मी ज्या बातमीपत्रासाठी काम करत होतो, त्याने महापालिका निवडणुकीच्या तोंडावर पाण्याच्या टँकरची एक बातमी दाखवली आणि दुसऱ्या संध्याकाळी ते भलत्याच क्रमांकावर, आवाजाविना दिसू लागले. तांत्रिक बिघाड आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. बिघाड नेमका आमच्याच चॅनलला कसा झाला, हे मी, ज्याच्या तारेवरून आमचे बातमीपत्र जाई त्या वितरकाला लेखी विचारले. उत्तर आले नाही. माझे काम तेवढे गेले. ‘समजुतीने घ्यायला हवे होते’ असे सहकारी आजही म्हणतात आणि मला भांडखोर ठरवतात. भांडखोर तर भांडखोर. स्टुडिओ आमचा होता, माणसे आमची होती, बातमी खरी होती, आणि तरीही वाहिनी आमची नव्हती, एवढे त्या पत्रामुळे स्पष्ट झाले. ते पत्र मी आजही तसेच लिहीन.

डिजिटायझेशनने ही गोष्ट पक्की केली. नागपूर दुसऱ्या टप्प्यात होते आणि मुदत ३१ मार्च २०१३ ची होती. सेट टॉप बॉक्स आले, सिग्नल एमएसओच्या, म्हणजे अनेक ऑपरेटरांना वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या, हेडएंडवरून (मुख्य केंद्रावरून) येऊ लागला, गल्लीतल्या कंट्रोल रूम निरुपयोगी झाल्या आणि कालचे मालक वसुली करणारे एलसीओ, म्हणजे नुसते स्थानिक केबल ऑपरेटर, झाले. त्या काळात कोणी किती पॉइंटची (जोडण्यांची) लाइन कोणाला विकली, हा तुझ्या इतिहासाचा गाभा आहे, आणि तुझ्या टिपणांत त्यावर एक ओळही नाही! निवेदकांच्या आठवणींना मात्र तू पानेच्या पाने दिली आहेस.

वर्तमानपत्रे फॉर्म ४ खाली मालकीचे निवेदन दरवर्षी छापत आली आहेत, एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्यांच्या नावांसकट. वाहिनीच्या पडद्यावर तसे काही येत नाही. म्हणून तारेचा माग कागदांतूनच काढावा लागतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत केबलवर करमणूक कर होता आणि तो जोडण्यांच्या संख्येवर आकारला जाई. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेतील जुन्या नोंदी माहितीच्या अधिकारात माग. तिथले आकडे खरे मानू नकोस, कारण जोडण्या कमी दाखवण्याची रीतच होती, पण कर कोणाच्या नावाने भरला गेला ते पाहा. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे वार्षिक विवरण आणि भागधारकांची यादी पाहा. संचालक बदलल्याची तारीख आणि वाहिनीचा क्रमांक बदलल्याची तारीख शेजारी शेजारी मांड.

मसुदा इतक्यात पाठवू नकोस, मी वाचणार नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाची पोच मिळाली की तिची झेरॉक्स पाठव.

तुझा,
एक जुना बातमीदार