आमचे हे आणि अर्धा पियाला चहा

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर्ड, मुलुंडला राहतो. आत्तापर्यंत सगळ्या ट्रिपा ग्रुप टूरनेच, युरोपात पण रात्री वरणभात. मजा आली, तक्रार नाही. पण आता मला उझबेकिस्तानला जायचंय. आमचे हे म्हणतात भाषा कळत नाही, खायचे हाल, पैसे घालून गोंधळायला कशाला जायचं? त्यांना काय सांगू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, खरं सांगू का, त्या गोंधळातच मजा आहे. मी समरकंदला एका घरगुती गेस्ट हाउसमध्ये उतरले होते. तिथल्या काकूंनी किटलीतला चहा पियाल्यात ओतला, परत किटलीत, परत पियाल्यात, असं तीनदा, मला वाटलं पियाला विसळतायत. मग माझ्या हातात दिला तर अर्धासुद्धा नाही! मनात म्हटलं काय चिकट बाई आहे, आपल्याकडे पाहुण्याला असा दिला तर सासूबाई जन्मभर ऐकवतील. दोन घोटात संपला, त्यांनी परत तेवढाच ओतला, संपला, परत ओतला. शेवटी त्यांच्या मुलाने मोबाइलवर ट्रान्सलेट करून दाखवलं, थोडा ओततात तो मान असतो, म्हणजे पाहुण्याला सारखं सारखं विचारता येतं, आणि काठोकाठ भरून दिला तर समजायचं आता उठा. म्हणजे इतकी वर्षं मी आल्यागेल्याला भरभरून कप देत होते ते त्यांच्या हिशेबाने हाकलतच होते की! आता घरी चहा गाळताना दर वेळी हसू येतं.

बाकी रेगिस्तान चौकातले ते निळे मदरसे (सगळ्यात जुना उलुगबेगचा, १४२० चा) बघाच, सुंदर आहेत, पण त्यांचे फोटो मुलुंडला बसूनही दिसतात. टेबलावर गोल नान मी पालथा ठेवला आणि शेजारच्या आजोबांनी एक शब्द न बोलता तो सुलटा केला, ते फोटोत नाही दिसत.

खाण्याचं म्हणाल तर पुलावात मटण असतंच, व्हेज असाल तर नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, खरबूज, सुकामेवा ह्यावर निभतं. तरी मेतकूट न्या, त्यात लाज कसली.

भाषा अगदीच परकी नाहीये. बाजार, मैदान, दरवाजा हे शब्द थोड्या वेगळ्या उच्चाराने तिथेही आहेत, आणि हफ्ता म्हणजे फक्त आठवडा, आपल्या मुंबईतला नव्हे. ह्यांना पटवायचं तर सुरुवात ताश्कंदपासून करा, लालबहादूर शास्त्रीजी १९६६ मध्ये तिथेच वारले, त्यांचा पुतळा आहे, ह्यांच्या पिढीला ते आठवत असणार. तिथून अफ्रोसियोब ट्रेनने समरकंद दोन-सव्वादोन तास. उन्हाळ्यात नका जाऊ, भाजून निघाल, एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा.

आणि हो, बाजारात 'सब्जी' मागू नका. मी मागितली, अर्धा किलो गाजरं आली.