सरावाच्या तासाला खेळ घेतले की खेळच होतो, गणित राहून जातं. वर्गात गणिताचे खेळ नेमके कसे घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की पाढ्यांच्या आणि बेरीज-वजाबाकीच्या सरावाला मुलं कंटाळतात, म्हणून वर्गाचे दोन गट करून तुम्ही प्रश्नमंजूषा घेता. पण गोंगाट फार होतो, उत्तरं तीच चार मुलं देतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. गोंगाटाचं मी फारसं मनावर घेणार नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांचं मात्र घेईन.

मी प्राथमिकच्या वर्गांना गणित शिकवते. नवा खेळ घेण्याआधी मी एवढंच बघते, की वर्गात सगळ्यात मागे असलेल्या मुलाच्या वाट्याला दहा मिनिटांत किती गणितं येतील. चाळीस मुलांच्या प्रश्नमंजूषेत फार तर एक, तेही शेजाऱ्यानं आधीच उत्तर फोडलं नाही तर. ‘चुकला तो बाद’ हा प्रकार तर मी घेतच नाही. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच पहिल्या फेरीत बाहेर जाऊन बसतो. त्यामुळे जवळपास सगळे खेळ जोडीनं: दोन भिडू, एक कागद, आणि सगळ्या जोड्या एकाच वेळी सुरू.

दुसरं म्हणजे, ‘उत्तर बरोबर आलं तर फासा टाक’ असे खेळ टाळा. त्यात जिंकणं-हरणं फाशावर असतं आणि गणित मध्येच उभ्या केलेल्या टोलनाक्यासारखं होतं. मुलं ते कसंबसं चुकतं करून पुढे पळतात. डाव जिंकायचा म्हणून गणित करावं लागेल, असा खेळ हवा.

याचा सगळ्यात चांगला नमुना माझ्या मते गुणाकाराची चौकट. १ ते ९ या अंकांना एकमेकांशी गुणलं (स्वतःशी धरून) तर वेगवेगळे गुणाकार बरोबर ३६ येतात, म्हणजे सहा बाय सहाची चौकट नेमकी भरते. चौकटीत ते ३६ गुणाकार चढत्या क्रमानं लिहा आणि खाली १ ते ९ अंकांची पट्टी काढा. पहिला भिडू पट्टीवरच्या एका अंकावर बटण ठेवतो. दुसरा दुसरं बटण ठेवतो आणि दोन अंकांचा गुणाकार आपल्या रंगानं रंगवतो. त्यापुढे आपल्या पाळीला दोनपैकी एकच बटण हलवायचं आणि येणारा गुणाकार रंगवायचा. दोन्ही बटणं एकाच अंकावर चालतात. ओळीत, उभी, आडवी किंवा तिरपी, चार घरं ज्याची, तो जिंकला.

आता बघा, मुलाला ३६ हवेत. एक बटण ४ वर आहे, म्हणजे दुसरं ९ वर न्यायचं. पण बटणं ७ आणि ५ वर असतील तर? एका पाळीत ३६ जमतच नाहीत. मग दुसरं घर शोधा, शिवाय समोरच्याला आपण काय सोडतोय तेही बघा. एक घर रंगवायला मूल मनात चार-पाच गुणाकार तपासतं आणि तेही उलट्या बाजूनं, म्हणजे गुणाकारावरून अवयवांकडे. विभाजक शिकवायची वेळ येते तेव्हा हा पाया तयार असतो. ज्यांचे पाढे कच्चे आहेत त्यांना सुरुवातीला पाढ्यांचा तक्ता शेजारी ठेवू द्या. तक्त्यात शोधण्यापेक्षा आठवणं सोपं वाटायला लागलं, की तो आपोआप बाजूला पडतो.

संपूर्ण वर्गाला एकत्र खेळवायचं असेल तर स्थानिक किंमतीचा खेळ घ्या. प्रत्येकानं वहीत शतक, दशक, एकक असे तीन चौकोन आणि बाजूला एक कचरापेटी काढायची. तुम्ही चार वेळा फासा टाका. पडलेला अंक लगेच कुठेतरी लिहायचा, नंतर खोडायचा नाही. सगळ्यात मोठी संख्या ज्याची, तो जिंकला. पहिलाच फासा ४ पडला तर तो शतकाच्या घरात टाकावा का, यावर मुलं हमरीतुमरीवर येतात. (तुमच्यापुरतं सांगते: उरलेल्या तीन फाशांत निदान एकदा ५ किंवा ६ पडण्याची शक्यता २७ पैकी १९ आहे, तेव्हा थांबलेलं बरं.) पुढे ‘५०० च्या सगळ्यात जवळ’ असा नियम केला की वजाबाकीही आत येते.

लहान वर्गांना सापशिडी चालते, पण सोंगटी पुढे नेताना ती काय मोजतात याकडे लक्ष ठेवा. लास्की आणि सीग्लर या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० पर्यंतच्या पटावर काही मुलं घरातली संख्या वाचत पुढे जात होती, उदाहरणार्थ २३ वरून ‘२४, २५’, आणि काही नुसतं ‘१, २’ म्हणत. पट तोच, चाल तीच, पण संख्यारेषेची जाण सुधारली ती घरातली संख्या वाचणाऱ्यांची. आणखी एक बारकावा: सापशिडीचा पट नागमोडी असतो, त्यामुळे २३ च्या डोक्यावर ३८ येतात. ‘वर गेलं की दहा वाढले’ हे दाखवायचं असेल तर सगळ्या ओळी डावीकडूनच सुरू होणारा पट स्वतः आखा.

ॲपबद्दल तुम्ही विचारलंय. कहूटसारख्या प्रश्नमंजूषेच्या ॲपमध्ये एरवी लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, म्हणजे पुन्हा तीच चार मुलं. आधीच येणाऱ्या गोष्टीची उजळणी म्हणून अधूनमधून ठीक. टायमर आणि बक्षिसं मी ठेवत नाही. बक्षीस आलं की रडीचे डाव सुरू होतात आणि तुमचा तास न्यायनिवाड्यात जातो.

एकदम पाच खेळ आणू नका. नियम समजण्यातच पहिला तास संपतो. तोच खेळ तिसऱ्यांदा घेतला की मुलं डावपेच लढवायला लागतात आणि सराव खऱ्या अर्थानं तिथे सुरू होतो. एखाद्या जोडीत एक भिडू सारखाच हरत असेल तर जोडी बदला. शेवटची पाच मिनिटं मात्र राखून ठेवा. एखाद्याला विचारा, ‘तू बटण ६ वर का नेलंस?’ आणि खेळात आलेली तीन गणितं वहीत उतरवून घ्या. घरी ‘आज गणितात काय केलं?’ असं विचारल्यावर ‘खेळलो’ एवढंच उत्तर गेलं, तर दुसऱ्या दिवशी पालक तुमच्याकडे येणारच.